लिंबू उडून जाते, कस्तुरी मागे राहते

'शहरी जीवनाचा सुगंध' म्हणून विकल्या जाणाऱ्या अत्तराच्या बाटलीवर बरेचदा दोन नावे दिसतात : लिंबूवर्गीय फळे आणि कस्तुरी. असा एक थेंब कागदाच्या पट्टीवर टाकून वर्गात फिरवा. पहिल्या तासाला मुले 'लिंबू', 'संत्रे' म्हणतील. शाळा सुटताना पट्टीवर लिंबाचा मागमूस नसेल. उरलेला असेल एक मंद, उबदार वास.

असे का होते? लिंबाच्या सालीतील तेलाचा मुख्य घटक लिमोनीन. त्याच्या रेणूत कार्बनचे १० अणू असतात. कस्तुरीचा वास ज्यामुळे येतो त्या मस्कोनमध्ये १६. लहान, हलका रेणू चटकन हवेत जातो. मोठा रेणू रेंगाळतो. म्हणजे ही बाटली बाष्पीभवनाचा एक सुंदर धडाच आहे.

लिंबूवर्गीय वासाची एक प्रसिद्ध कथा शहराच्या नावाशीच जोडलेली आहे. इटलीतून आलेला योहान मारिया फारिना जर्मनीतील कोलोन शहरात स्थायिक झाला. १७०९ मध्ये स्थापन झालेल्या त्याच्या कुटुंबाच्या पेढीने बर्गामोट, लिंबू, संत्रे यांची तेले अल्कोहोलमध्ये मिसळलेले सुगंधी पाणी विकले. तेच 'ओ द कोलोन', म्हणजे कोलोनचे पाणी.

कस्तुरीची कथा अधिक जुनी आणि अधिक क्रूर आहे. ती हिमालयातील व मध्य आशियातील कस्तुरीमृगाच्या नराच्या पोटाखालील ग्रंथीत तयार होते. एका ग्रंथीत सरासरी २५ ग्रॅमच्या आसपास कस्तुरी निघते, आणि तेवढ्यासाठी सहसा प्राणी मारला जाई. इतक्या महाग वस्तूत भेसळ होणारच. जुन्या संस्कृत गंधग्रंथांत कस्तुरीची नक्कल करण्याच्या कृतीही आहेत.

या विद्येचा एक धागा मराठीतही सापडतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी एका दुर्मीळ हस्तलिखिताचा अभ्यास १९४५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात गंगाधराचा 'गंधसार' होता, आणि 'गंधवाद' नावाचा ग्रंथ मराठी टीकेसह होता. गोडे यांनी या टीकेचा काळ इ. स. १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरवला. द्रवात भिजवणे, शिजवणे, धुरी देणे, फुलांच्या सान्निध्यात वास मुरवणे अशा क्रियांना 'गंधसारा'त स्वतंत्र नावे आहेत. कुणाला तरी हे ज्ञान मराठीत समजावून सांगावेसे वाटले, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते.

रसायनशास्त्राने या कथेला दोन वळणे दिली. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर टीएनटीसारख्या स्फोटकांवर काम करत होता. हाती आलेल्या एका पदार्थाला कस्तुरीचा वास येत होता! रेणूरचना मस्कोनहून अगदी वेगळी, वास मात्र जवळचा. पुढे १९०६ मध्ये वालबाउमने खरे मस्कोन वेगळे केले. १९२६ मध्ये लेओपोल्ड रुझिका यांनी त्यात १५ कार्बनचे कडे असल्याचे दाखवले. एवढी मोठी कडी टिकणार नाहीत, अशी तोवर समजूत होती. निसर्गाने ती खोटी ठरवली होती. रुझिका यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मग कृत्रिम कस्तुरी म्हणजे फसवणूक की सुटका? तिने मृगावरचा भार हलका केला, पण शिकार थांबली नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्राणी संरक्षित आहे. दुसरीकडे, बाउरच्या कुळातील पदार्थ १९८१ मध्ये जपानमधील नदीच्या माशांत आढळले. जो रेणू कपड्यावर टिकतो, तो पाण्यातही टिकू शकतो. त्यांपैकी मस्क झायलीनला युरोपीय संघाने २०११ मध्ये परवान्याशिवाय न वापरण्याच्या पदार्थांच्या यादीत घातले. सगळ्या कृत्रिम कस्तुऱ्या मात्र सारख्या नाहीत. मोठ्या कड्यांचे रेणू तुलनेने लवकर विघटित होतात.

कळंबा तलाव एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या पाण्यासाठी बांधला गेला. तलावातले पाणी घरी येते, साबणाचा वास घेऊन मोरीतून निघते, आणि पुढे कुठे जाते? कळंब्याच्या विद्यार्थ्यांनी त्याची वाट नकाशावर काढून पाहावी. ती पंचगंगेच्या दिशेने जाईल. घरातल्या कोणकोणत्या वस्तूंना वास आहे, याची यादीही सोबत करावी. शहराचा सुगंध बाटलीत संपत नाही, हे मुलांना मग सांगावे लागणार नाही.