कोरड्या मुलखांतील डासांचा ज्वर : बार्शी–धाराशिव टापूंतील चिकुनगुन्या

१. डासांपासून होणारे ज्वर दलदलीच्या व दमट मुलखाचेच, अशी समजूत रूढ आहे. धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावरील, अवर्षणाचा. अशा ठिकाणीं हा रोग आढळला तर तो बाहेरून आला व निघून गेला, असें सहज म्हटलें जातें. रोग बाहेरून आला हें खरें. पण तो रुजला येथल्याच घरांतील पाण्यावर, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. चिकुनगुन्याची प्रथम नोंद १९५२-५३ सालीं आफ्रिकेंतील टांगानिका, म्हणजे हल्लींचा टांझानिया, या देशांत झाली. नांव तेथील माकोंडे भाषेंतलें असून त्याचा अर्थ वांकविणारा असा आहे. ज्वर थोड्या दिवसांत उतरतो, परंतु सांधे कित्येकांचे महिनेच्या महिने धरतात. हातावर पोट असणाऱ्यास ही मोठीच आपत्ति होय. हिंदुस्थानांत १९६३ सालीं कलकत्त्यास व पुढील वर्षीं मद्रास प्रांतांत या रोगाची सांथ आली. १९७३ सालीं ती बार्शीस उद्भवली. बार्शी सोलापूर जिल्ह्यांत मोडत असली तरी धाराशिवकरांची ती शेजारची पेठ. १९११ सालीं लातुरास पोंचलेली बार्शीची छोटी आगगाडी याच जिल्ह्यांतून जात असे. पुण्यास १९५२ सालीं स्थापन झालेल्या विषाणु संशोधन केंद्रानें या सांथीचा तपास केला. शेंकडा ३७.५ लोक आजारी पडल्याचें नमूद आहे.

३. यानंतर सुमारें बत्तीस वर्षें हा रोग जणूं विस्मरणांत गेला. २००५ च्या अखेरीस आंध्र व कर्नाटकांत तो पुन्हां उठला. धाराशिवच्या सीमेस लागून असलेले बिदर व कलबुर्गी हे जिल्हे आणि मराठवाडा त्याच्या तडाख्यांत सांपडले. २००६ सालीं देशांत सुमारें १३.९ लक्ष संशयित रोगी नोंदले गेले. जुनाच विस्तव पुन्हां पेटला काय, असा प्रश्न येथें साहजिक उत्पन्न होतो. पुण्याच्या त्याच संस्थेच्या तपासणीनें त्याचा निकाल लागतो : १९६३ व १९७३ चा विषाणु आशियाई वंशाचा, तर नवा आफ्रिकी वंशाचा होता. २००० सालीं पुणें जिल्ह्यांतील यवत येथें धरलेल्या डासांतहि हाच आफ्रिकी वंश आढळला होता. म्हणजे पाहुणा निराळा, पण घर तेंच. शिवाय १९७३ नंतर जन्मलेल्या पिढीच्या अंगीं या रोगाची प्रतिकारशक्ति नव्हती.

४. घर तेंच, असें म्हणण्याचें कारण एडिस इजिप्ती हा डास. हा दिवसा चावतो, फार दूर उडत नाहीं, व दलदलींत नव्हे तर रांजण, हौद, पिंप, टाकी यांतील सांठविलेल्या पाण्यांत वाढतो. भांड्याच्या कडेस चिकटलेलीं अंडीं कोरडींहि महिनेच्या महिने टिकतात. पाणी लागतांच आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. जेथें नळास अगर टँकरास आठ-आठ दिवस वाट पाहावी लागते, तेथें पाणी सांठविल्यावांचून गत्यंतर नाहीं. बार्शीची सांथ १९७२ च्या महादुष्काळाच्या पाठोपाठ आली, ही गोष्ट या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगी आहे.

५. थंड हवेचा देशहि यास अपवाद नाहीं. २००७ सालीं केरळांतून इटलींत गेलेल्या एका प्रवाशापासून रॅव्हेन्ना प्रांतांतील दोन खेड्यांत हाच रोग पसरला व दोनशेंहून अधिक लोक आजारी पडले. तेथें वाहक पट्टेरी वाघडास होता. तोहि अंगणांतील कुंड्या व बादल्यांत सांचलेल्या पाण्यावरच पोसला होता. तात्पर्य, रोगाचा प्रवासी कोठेंहि जातो. तो स्थानिक होतो तो सांठल्या पाण्यामुळें.

६. आठवड्यांतून एकदां भांडीं रिकामीं करून घासावीं व कोरडा दिवस पाळावा, असा आरोग्यखात्याचा उपदेश आहे. उपदेश योग्यच, पण पंधरा दिवसांनीं मिळालेलें पाणी आठव्या दिवशीं ओतून कोण देईल? भांडें घट्ट झांकणें एवढाच उपाय गरिबाच्या हातीं उरतो. खरा उपाय नियमित पाणीपुरवठा हाच होय. म्हणून या टापूंतील रोगांचा इतिहास लिहिणारानें दवाखान्याच्या नोंदींबरोबर टंचाईचे व टँकरांचे कागदहि पाहावे. ग्रामपंचायतींच्या दप्तरांतील असे कागद निरुपयोगी समजून रद्दींत घालूं नयेत, अशी विनंती आहे.