शब्बाथची बस



आजचा विषय या पवित्र वास्तूत काहींना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. तेल अवीव आणि तिच्या आसपासच्या गावांत शुक्रवारी सायंकाळी व शनिवारी जी विनामूल्य बस धावते, तिच्याविषयी मी बोलणार आहे. ती धावावी की नाही, हा निर्णय मी देणार नाही. मी स्वतः शब्बाथला येथे चालत येतो. परंतु ती बस का निघाली आणि फुकट का आहे, यामागे जो इतिहास आहे तो आपल्याही घरांतून गेलेला आहे.

प्रारंभ १९४७ सालापासून करावा लागतो. त्या वर्षी जून महिन्यात बेन-गुरियन यांनी ज्यू एजन्सीच्या वतीने अगुदात इस्राएल या धर्मनिष्ठ पक्षास एक पत्र पाठविले. होऊ घातलेल्या राज्यात शनिवार हा विश्रांतीचा कायदेशीर दिवस राहील, असे आश्वासन त्यात होते. बसगाड्यांविषयी त्यात एक अक्षरही नाही. पुढे वहिवाट अशी पडली की, जेथे जे चालत आले ते तसेच चालावे. हैफा हे अरब व ज्यू यांच्या मिश्र वस्तीचे शहर. तेथे ब्रिटिश अमदानीपासून शनिवारी बस होती, ती तशीच राहिली. इतर बहुतेक ठिकाणी ती बंद राहिली. १९९१ साली या वहिवाटीला नियमाचे रूप आले: बसचे मार्ग व वेळा ठरविताना विश्रांतीच्या दिवसांबाबत ज्यू परंपरेचा शक्य तितका विचार करावा.

आपले पूर्वज कोकणात 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. शनिवारी घाणा बंद असे. पण त्या काळी आप्तेष्ट पायवाटेच्या अंतरावर होते. मुंबईस आल्यावर चित्र पालटले. १८७४ साली तेथे घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची, आणि १९२६ साली बस. आमचे कुटुंब भायखळा, माझगाव आणि ठाणे असे विखुरले होते. शनिवारी गाडीत बसावे की पायी जावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. माझे आजोबा चालत. माझे वडील ट्रामने प्रार्थनेस जात. दोघे एकाच बाकावर बसत आणि त्यावरून घरात कधी भांडण झाल्याचे मी ऐकलेले नाही. ट्राम सर्वांसाठी धावत होती, आणि तिच्यात न चढणे हे आजोबांचे स्वतःचे पालन होते.

इस्राएलमध्ये आल्यावर तो प्रश्नच उरला नाही. आपल्या लोकांना घरे मिळाली ती दिमोना, बीरशेबा, लोद, रामला, अश्दोद अशा ठिकाणी. माझी आई बीरशेबाला, मामा लोदला. आठवडा रविवारपासून शुक्रवार दुपारपर्यंत कामाचा. मोकळा दिवस एकच, आणि त्याच दिवशी बस नाही. ज्यांच्याकडे मोटार होती ते हवे तेथे जात. आमच्याकडे नव्हती. म्हणून मामांची भेट म्हणजे पेसाह किंवा सुक्कोथच्या मधले दिवस. शब्बाथ आम्ही पाळत होतो खरे, पण त्यात निष्ठा किती आणि निरुपाय किती, हे आईलाही सांगता आले नसते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये तेल अवीवचे महापौर रॉन हुल्दाई यांच्या पुढाकाराने ही सेवा सुरू झाली. गिवातायीम, रमत हाशारोन आणि किर्यत ओनो सोबत आले. सहा मार्ग, एकूण सुमारे ३०० किलोमीटर, लहान बसगाड्या. पहिल्याच शनिवार-रविवाराच्या नव्हे, शुक्रवार-शनिवाराच्या त्या फेऱ्यांत सुमारे १०,००० माणसे बसली. अनेकांना जागेअभावी थांब्यावरच राहावे लागले. भाडे घ्यावयाचे तर वाहतूक मंत्रालयाचा परवाना लागला असता, आणि तो मिळण्याजोगा नव्हता. म्हणून बस फुकट. मला याची गंमत वाटते. शब्बाथला पैशाला हात लावू नये हे धर्म सांगतो. येथे सरकारी परवान्याच्या अडचणीने तिकिटाचा पैसा सुटला. अर्थात त्यामुळे गाडी चालविणे धर्मसंमत ठरत नाही.

माझी विधवा बहीण गिवातायीमला राहते, तिची नातवंडे रमत हाशारोनला. टॅक्सीचे भाडे तिला परवडत नसे. आता ती शनिवारी सकाळी निघते व दुपारी परत येते. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून, किद्दूश ऐकून मगच दुसऱ्या दिवसाचा विचार करते. तिला मी पाखंडी कसे म्हणू?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दहा आज्ञांतील विश्रांती नोकरालाही आहे, दासीलाही आणि दारातील परक्यालाही. त्या बसचा चालक त्या दिवशी कामावर असतो. आपल्यातील कितीतरी माणसांनी या देशात मजुरी करून पोट भरले. त्यांच्या सुट्टीचे मोल आपल्याला कळावयास हवे. या आक्षेपाला माझ्याजवळ पुरे उत्तर नाही, आणि बसच्या समर्थकांनी ते दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

आणखी एक गोष्ट. फुकट म्हणजे बिनखर्चाची नव्हे. हा खर्च नगरपालिका करतात, म्हणजे ज्या गावाची तिजोरी भरलेली त्याच गावात बस. पुढे आणखी काही गावे त्यात आली, पण ती बहुतेक तेल अवीवच्या आसपासची. ही बस लोदला जात नाही, रामल्याला जात नाही. बीरशेबा आणि दिमोना तर तिच्या नकाशावर कोठेच नाहीत. मामांचे घर अजून लोदलाच आहे. तेथे आता त्यांचा मुलगा राहतो, आणि बहिणीची व त्याची भेट अजूनही सुक्कोथच्या मधल्या दिवसांतच होते.