धुळे रेल्वे स्थानक : पश्चिम खानदेशातील एका अंतिम स्थानकाचा इतिहास

प्रस्तावना :

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा झाला. तत्पूर्वी 1906 पासून हा संपूर्ण प्रदेश प्रथम पश्चिम खानदेश व पुढे धुळे जिल्हा या नावाने धुळ्याच्या कलेक्टर कचेरीखाली होता. या 92 वर्षांच्या काळात नंदुरबार व धुळे ही दोन्ही शहरे रेल्वेच्या नकाशावर होती. परंतु एका शहरातून दुसऱ्या शहरी सरळ रेल्वेने जाण्याची सोय नव्हती. प्रस्तुत लेखात धुळे या छोट्या अंतिम स्थानकाच्या इतिहासाचा विचार या वस्तुस्थितीच्या संदर्भात केला आहे.

शाखामार्गाची उभारणी :

1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे येथे मुख्यालय वसविले. मुंबई-आग्रा रस्त्यावरील हे ठिकाण कारभारास सोयीचे होते. मात्र 1860 च्या दशकात जी.आय.पी. रेल्वेचा मुख्य मार्ग मनमाड, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा गेला आणि जिल्ह्याचे मुख्यालयच बाजूला पडले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे खानदेशच्या कापसाला याच दशकात मोठी मागणी आली होती. अशा काळात मुख्यालयाला रेल्वे नसणे ही साधी गैरसोय नव्हती.

ही उणीव भरून निघण्यास 1900 साल उजाडावे लागले. त्या वर्षी चाळीसगाव-धुळे हा सुमारे 56 किलोमीटरचा शाखामार्ग सुरू झाला. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर अशी लहान स्थानके घेत रूळ धुळ्यास येतात आणि तेथेच संपतात. शाखामार्गाचे काम मुख्य मार्गाला माल व उतारू पुरविणे एवढेच असते; धुळ्याच्या पुढे काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

दोन रेल्वे, दोन दिशा :

याच 1900 साली सुरत ते अमळनेर ही तापी व्हॅली रेल्वे पूर्ण झाली. किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीच्या व्यवस्थापनाखालील या कंपनीची वाहतूक बी.बी.अँड सी.आय. रेल्वे पाहत असे. सुरत-बुऱ्हाणपूर या जुन्या व्यापारी मार्गावरील नवापूर व नंदुरबार त्यामुळे रेल्वेवर आले. अमळनेर-जळगाव हा पुढचा तुकडा जी.आय.पी.ने जोडला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. विदर्भातील यवतमाळ व अचलपूर ही अंतिम स्थानके अरुंद रुळांमुळे मुख्य मार्गापासून वेगळी राहिली. धुळ्याची शाखा व तापी मार्ग हे दोन्ही मात्र रुंद रुळांचे होते. म्हणजे अडचण तांत्रिक नव्हती. जळगावची जोडणी कंपन्यांना लाभाची होती, म्हणून ती झाली. धुळे-नंदुरबार जोडणीची गरज कारभाराला आणि रयतेला होती, कंपन्यांना नव्हती. नंदुरबारहून संपूर्ण प्रवास रेल्वेने करावयाचा तर जळगाव व चाळीसगाव असा वळसा घालून सुमारे 300 किलोमीटर अंतर पडते. रस्त्याने ते सुमारे 100 किलोमीटर आहे. साहजिकच कोर्टकचेरीच्या कामासाठी रस्त्याशिवाय पर्याय नव्हता. अक्राणी, अक्कलकुवा या सातपुड्यातील भागांना तर कोणतीच रेल्वे जवळची नव्हती. 5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य व पश्चिम रेल्वे स्थापन झाल्या, तेव्हा धुळे मध्य रेल्वेत आणि नंदुरबार पश्चिम रेल्वेत गेले. कंपन्या संपल्या, त्यांची हद्द राहिली.

शाखामार्गावरील एक प्रवास :

या मार्गाच्या सामाजिक इतिहासात ऑक्टोबर 1929 मधील एक प्रसंग महत्त्वाचा आहे. अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी स्टार्ट समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात आले होते. धुळे मार्गावरील एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावहून धुळ्याच्या गाडीने गेले व पुढच्या गाडीने परतले. चाळीसगाव स्थानकावर टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. अखेर टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या वस्तीतील माणसाने लगाम हाती घेतले. पुलावर टांगा उलटून बाबासाहेबांचा पाय मोडला. ही हकिकत त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदविली आहे. तिकीट काढणाऱ्या कोणासही गाडीत बसता येत होते. स्थानकाबाहेर मात्र गावाचाच कायदा चालत होता. रेल्वेमुळे जातिभेद आपोआप सैल झाले, असे सरसकट विधान करताना या घटनेचा विचार करावा लागतो.

अलीकडील घडामोडी :

तापी मार्गाचे दुहेरीकरण 2018 मध्ये पूर्ण झाले. फेब्रुवारी 2019 मध्ये धुळे-नरडाणा मार्गाची पायाभरणी झाली आणि सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 309 किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गास मंजुरी दिली. नरडाणा हे तापी मार्गावरील स्थानक असल्याने या कामातून 1900 सालच्या दोन्ही रेल्वे प्रथमच धुळ्याच्या परिसरात एकमेकींना मिळतील. मात्र नवा फाटा जुन्या धुळे स्थानकाच्या टोकापासून निघत नाही. तो अलीकडच्या बोरविहीर स्थानकातून वळतो.