लखनौचे परदेशी इंग्रजी शिक्षक

लखनौत इंग्रजी शिकवायला परदेशी माणसे आली ती नवाबी अमलातच, आणि त्यांचे पहिले गिऱ्हाईक खुद्द दरबार होता. नासिरुद्दीन हैदर याच्या कारकिर्दीत (1827 ते 1837) राजाच्या खास मैफलीत एक युरोपीय न्हावी, एक चित्रकार आणि एक इंग्रजीचा मास्तर होता. मास्तराला पगार भरपूर आणि काम जवळजवळ नाहीच. राजा चार ओळी वाचून कंटाळायचा आणि मद्य मागवायचा, असे विल्यम नाइटन याच्या पुस्तकात म्हटले आहे. पुस्तक निघाले 1855 साली आणि पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने अवध खालसा केले. तेव्हा त्यातला नवाबी बेतालपणा किती खरा आणि किती सोयीचा, हे वाचकाने तोलून घ्यायचे. दरबारी मास्तराची नोकरी मात्र खरोखरच मर्जीवर टिकून होती. मर्जी फिरली की बाडबिस्तरा आवरायचा. अशा माणसाने शहरात मूळ धरले नाही, यात नवल नाही.

कायमची नोकरी आली ती एका फ्रेंच माणसाच्या पैशातून. लिऑन शहरी 1735 साली जन्मलेला क्लॉड मार्टिन कंपनीच्या फौजेत मेजर जनरल झाला आणि लखनौत अमाप श्रीमंत झाला. 1800 साली तो वारला. गोमतीजवळचा आपला ‘कॉन्स्टँशिया’ हा महाल तरुणांना इंग्रजी शिकवण्यासाठी शाळा म्हणून वापरावा, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. कज्जेदलालीत बरीच वर्षे गेली आणि ला मार्टिनियर शाळा 1845 च्या ऑक्टोबरात उघडली. संस्थापकाचे थडगे त्याच इमारतीच्या तळघरात आहे.

तिथे विलायतेहून येणाऱ्या शिक्षकाला शहराशी संबंध ठेवण्याची फारशी गरज पडत नसे. राहणे आवारात, विद्यार्थी बहुतेक युरोपीय आणि अँग्लो-इंडियन, हाताखाली खानसामा आणि भिश्ती. 1857 च्या बंडात प्राचार्य जॉर्ज शिलिंग मुलांना आणि शिक्षकांना घेऊन ब्रिटिश रेसिडेन्सीच्या तटबंदीत गेले. वेढ्यात मुलांनी निरोप पोहोचवले, धान्य दळले, जखमींना पंख्याने वारा घातला. ‘डिफेन्स ऑफ लखनौ’ हा एरवी पलटणींना मिळणारा लढाईचा मान या शाळेला मिळाला. रडयार्ड किपलिंगच्या 1901 सालच्या ‘किम’ कादंबरीतली लखनौची शाळा याच शाळेवरून बेतली असावी, असे मानतात. शाळेची कीर्ती मोठी, पण तिच्या मास्तरांचे लखनौ शाळेच्या फाटकाशी संपत असे.

बंडानंतर अवधच्या तालुकदारांनी व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंगच्या स्मरणार्थ वर्गणी जमवून 1864 साली अमीनाबादेत कॅनिंग कॉलेज काढले. कॉलेज पुढे कैसरबागेत गेले आणि तिथून बादशाहबागेत. इथे विद्यार्थी हिंदुस्थानी आणि पैसाही हिंदुस्थानी, पण प्राचार्य आणि इंग्रजीचे प्राध्यापक दीर्घकाळ विलायतेचे. त्यांतले सी. जे. ब्राउन लक्षात ठेवण्यासारखे. ते शिकवायचे इंग्रजी साहित्य, पण लखनौच्या प्रांतिक संग्रहालयातली मुघल नाणी त्यांनी एकेक करून तपासली आणि 1920 साली त्यांची सूची प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी त्यांचे भारतीय नाण्यांवरचे छोटे पुस्तक आले. आपण आलो त्या गावाविषयी इतके कुतूहल असलेले प्राध्यापक थोडेच.

शहरात खरी वस्ती केली ती अमेरिकन मिशनच्या शिक्षिकांनी. ओहायो राज्यातल्या इझाबेला थोबर्न 1840 सालच्या आणि पेशाने शिक्षिका. भाऊ जेम्स आधीच हिंदुस्थानात मेथॉडिस्ट मिशनचे काम करत होता. 1869 साली बोस्टनमध्ये बायकांनी आपली स्वतंत्र मिशन संस्था काढली. सभासदाची वर्गणी आठवड्याला दोन सेंट. या चिल्लरीतून दोन अविवाहित बायकांना हिंदुस्थानात पाठवले गेले: डॉक्टर क्लॅरा स्वेन बरेलीला आणि इझाबेला लखनौला. 1870 च्या जानेवारीत दोघी मुंबईला उतरल्या. त्याच वर्षी 18 एप्रिलला अमीनाबादच्या बाजारात भाड्याच्या एका खोलीत इझाबेलाबाईंनी शाळा सुरू केली. मुली सहा. कुणी दंगा करू नये म्हणून दारात सोटा घेतलेला एक दणकट पोरगा उभा.

लग्न न झालेली बाई एकटीने परमुलखात राहते, हेच तेव्हाच्या लखनौला विचित्र वाटणारे होते. पण त्याचा फायदाही होता. जनान्यात परपुरुषाला मज्जाव, बाईला नाही. मात्र तिथे इंग्रजीचा काडीचा उपयोग नव्हता. मिशनच्या शिक्षिकांना मुन्शी ठेवून उर्दू शिकावी लागे. शहर बोलायचे उर्दू, तीही नजाकतीची. चुकीच्या शब्दाला लोक तोंडावर हसत नसत, एवढाच दिलासा. लखनौच्या मिशनकडून 1884 पासून बायकांसाठी ‘रफीक-ए-निस्वां’ हे पत्र निघू लागले, तेही उर्दूतच.

लवकरच मिशनने नवाबी काळातला लालबागचा बंगला विकत घेतला. रुंद व्हरांडे, मोठी बाग, आणि त्यातच शाळा, वसतिगृह व शिक्षिकांचे बिऱ्हाड. म्हणजे कामाची जागा आणि घर एकच. दिवस मावळला तरी मुली भोवती असतच. उन्हाळ्यात जमेल तेव्हा नैनितालसारख्या थंड ठिकाणी जायचे, एरवी लू सोसायची. 1886 साली लालबागेत मुलींसाठी कॉलेजचे वर्ग सुरू झाले. 1901 च्या सप्टेंबरात इझाबेलाबाई लखनौतच पटकीने गेल्या आणि पुढे कॉलेजला त्यांचे नाव दिले गेले.

मराठी वाचकाला यात सिंथिया फरार आठवतील. 1827 साली मुंबईत उतरलेल्या या अविवाहित अमेरिकन बाई पुढे अहमदनगरला मुलींना शिकवत राहिल्या आणि तिथेच 1862 साली वारल्या. लखनौपेक्षा चार दशके आधीची ही वाट होती. मराठी माणसेही लखनौला परगावचे शिक्षक म्हणून गेली. 1926 साली संगीतज्ञ भातखंड्यांच्या पुढाकाराने तिथे मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक निघाले आणि श्रीकृष्ण रातंजनकरांनी त्याचे प्राचार्यपद अनेक वर्षे सांभाळले. फरक इतकाच की त्यांच्या विद्येला लखनौत आधीपासून जाणकार होते.

इझाबेलाबाईंचे मोठेपण कॉलेज काढण्यापेक्षा आपली जागा घेणाऱ्या बायका तयार करण्यात अधिक आहे. त्यांची विद्यार्थिनी लीलावती सिंग त्याच कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवू लागली. 1900 साली न्यूयॉर्कच्या मिशन परिषदेत ती इतकी सुरेख बोलली की माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी तिची जाहीर वाखाणणी केली. चाळिशीच्या उंबरठ्यावर, 1909 साली, अमेरिकेतच तिचा अंत झाला. कॉलेज नंतर चाँदबागेत गेले. रशीद जहाँ, अतिया हुसैन, इस्मत चुगताई आणि कुर्रतुलऐन हैदर या लेखिका तिथल्याच. चौघींपैकी फक्त अतिया हुसैन यांचे लेखन मुख्यतः इंग्रजीत आहे. बाकीच्यांचे नाव झाले ते उर्दूत. इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी बायकांच्या वर्गातून उर्दू गद्याला एवढे बळ मिळाले, ही त्या कॉलेजची खरी कमाई. 1939 साली कॉन्स्टन्स प्रेमनाथ दास या पहिल्या भारतीय प्राचार्य झाल्या.

विद्यापीठातही तेच घडत होते. 1920 च्या कायद्याने लखनौ विद्यापीठ झाले, कॅनिंग कॉलेज त्यात विरून गेले आणि 1930 च्या दशकात निर्मलकुमार सिद्धांत, अहमद अली अशी मंडळी इंग्रजी शिकवत होती. विलायती प्राध्यापकावाचून इंग्रजीचे अडत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

स्वातंत्र्यानंतर लखनौत स्थायिक झालेली सर्वांत नामांकित परदेशी शिक्षिका इंग्रजीसाठी आलीच नव्हती. 1879 साली अमेरिकेत जन्मलेल्या वेल्दी फिशर तरुणपणी चीनमध्ये मुलींच्या शाळेच्या प्रमुख होत्या. गांधीजींनी त्यांना खेड्यांत काम करण्याचा आग्रह केला होता. सत्तरी ओलांडल्यावर, 1953 साली, त्यांनी अलाहाबादेत साक्षरता निकेतन काढले आणि 1956 साली ते लखनौला आणले. कानपूर रस्त्यावरच्या त्याच्या विटांच्या इमारती लॉरी बेकर यांनी आखल्या. तिथे प्रौढांना हिंदी लिहा-वाचायला शिकवणारे शिक्षक तयार होत. या कामासाठी 1964 साली फिशरबाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.