‘खरी कमाई’चे कंदील

अमेरिकेत डिसेंबर लागला की कितीतरी स्काउट पथकं गावातल्या मोकळ्या जागेत नाताळची झाडं विकायला उभी राहतात. त्या पैशांतून तंबू येतात, शिबिरं होतात. अंबरनाथच्या आमच्या शाळेत त्या झाडाची जागा आकाशकंदिलानं घेतली होती. मी स्काउट मास्तर होतो. दिवाळीच्या आधी मागच्या वर्गात कामट्या, खळ आणि जिलेटिन कागदाचा पसारा पडायचा.

याचं मूळ ‘खरी कमाई’त. १९४९ साली इंग्लंडमधल्या स्काउटांनी ईस्टरच्या सुट्टीत घरोघरी जाऊन एका शिलिंगाला एक काम करून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे तेव्हा बालवीरांच्या निरनिराळ्या संघटना होत्या. मालवीय, कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांच्या सेवा समितीतून वाढलेली पथकंही त्यांत होती. ७ नोव्हेंबर १९५० रोजी या संघटना ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ या नावाखाली एक झाल्या. पुढं तीच कामाची कल्पना आपल्या शाळांमध्ये ‘खरी कमाई’ म्हणून रुजली. आमच्या पथकाचा नियम साधा होता: घरून पैसा आणायचा नाही, काम करून मिळवायचा. कुणाचं दळण आणून दे, कुणाची सायकल पूस, कुणाच्या बुटांना पॉलिश कर. घरमालकानं कार्डावर काम आणि रक्कम लिहून सही करायची.

कंदिलाचा कागद उल्हासनगरहून यायचा. त्या गावाला लहान मुलांनी माल विकण्याचा मोठा इतिहास आहे, आणि तो हौसेचा नाही. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे १ लाख माणसं राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. जमीनजुमला मागं टाकून आलेल्या घरांतली पोरं लोकलच्या डब्यांत पेपरमिंट, बिस्किटं विकत. आमचा कागदवाला त्यांतलाच एक. तो कागद उधार द्यायचा, पण वहीत नाव शाळेचं नाही, मुलांचं लिहायचा. उधारी फेडायला मुलांनीच यावं, हा त्याचा आग्रह. पैसे मोजून घेताना तो पोरांना खुर्ची द्यायचा. व्यवहाराचा इतका चांगला धडा मी वर्गात कधी देऊ शकलो नाही.

गिऱ्हाईक म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरीच्या आणि विमको या काडेपेटी कारखान्याच्या कामगारांची घरं. बोनस झाला की दोन दिवसांत माल संपायचा.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापुरात शिरली. त्या दिवाळीची कमाई तंबूला द्यायची नाही, भिजलेल्या दप्तरांसाठी द्यायची, हे मुलांनी बैठकीत ठरवलं. वह्या त्यांनीच निवडल्या, कव्हरंही घातली.

आता बऱ्याच शाळांत आनंद मेळावा भरतो. भेळ आई करून देते, भांडवल बाबा देतात, मुलं टेबलामागं उभी राहतात. त्यात आईचे कष्ट असतात. मुलाची कमाई नसते, असं मी मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगतो.

बदलापूरची एक शाळा यंदा मला कंदील शिकवायला बोलावते आहे. मी अट घातली आहे: बुरुडाकडून बांबू मुलांनी आणायचा, कामट्या माझ्यासमोर त्यांनीच तासायच्या, आणि कागदाची उधारी त्यांच्या नावावर राहील.