कल्पित राष्ट्र आणि कोरे मत

कादंबरीतील कल्पित राष्ट्रांची चर्चा बहुतांशी रूपकाच्या अंगाने होत आली आहे. लेखकाने नकाशावर नसलेला देश उभा केला की त्यामागचा खरा देश कोणता हे शोधून काढणे, एवढेच समीक्षेचे काम मानले जाते. या समजुतीमुळे एक साधी गोष्ट नजरेआड होते. कल्पित राष्ट्रात बंडे होतात, राजे पदच्युत होतात, हुकूमशहा येतात आणि जातात; परंतु तेथे निवडणूक आली की निवेदनापुढे निराळीच अडचण उभी राहते. राजाच्या मनात शिरण्यास कादंबरीकाराला कोणी अडवलेले नाही. मतदार मात्र मत देण्यासाठी पडद्याआड जातो, आणि तेथे त्याने काय केले हे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही, या तत्त्वावर आधुनिक निवडणूक उभी आहे. सर्वांच्या मनातले जाणणारा निवेदक आणि मन उघड न करण्याचा मतदाराचा हक्क, यांच्यातील विरोधाला स्वतःचा इतिहास आहे. हा विरोध कल्पित राष्ट्रात सर्वांत स्पष्टपणे दिसतो, कारण प्रत्यक्षातील निकालाचे बंधन तेथे लेखकावर नसते.

या इतिहासाचा आरंभ राष्ट्रापासून नव्हे, तर एका कल्पित गावापासून होतो. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ब्रिटनमधील मताधिकार काहीसा विस्तारला. मतदानाची रीत मात्र जुनीच राहिली. मतदाराने चारचौघांत आपल्या उमेदवाराचे नाव सांगायचे आणि कारकुनाने ते वहीत उतरवून घ्यायचे. अशा वह्या पुष्कळदा छापल्याही जात. कोणत्या कुळाने कोणाला मत दिले हे जमीनदाराला, आणि आपला पैसा कोठे फळला हे उमेदवाराला समजण्यात काहीच अडचण नव्हती. १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झालेल्या डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधील ईटनस्विलची निवडणूक ही याच रीतीची देणगी आहे. हे गाव कोणत्याही नकाशात सापडले नाही, असे निवेदक साळसूदपणे सांगतो. तेथे एका पक्षाने तेहतीस मतदार गाडीखान्यात कोंडून ठेवले आहेत. दुसऱ्याने मतदारांच्या बायकांना पंचेचाळीस हिरव्या छत्र्या वाटल्या आहेत. कोणाच्या ब्रँडीत गुंगीचे औषध मिसळले जाते, तर कोणाच्या मुलांचे मुके घेतले जातात. मत हे येथे बाजारात मांडलेल्या वस्तूसारखे उघडे आहे, आणि प्रसंगाचा विनोद या उघडेपणातूनच निर्माण होतो. अपवाद एकच. अखेरपर्यंत मत न दिलेले काही ‘विचारी’ मतदार उरतात. उमेदवाराचा मुखत्यार त्यांना एकांतात भेटतो, आणि बाहेर पडताच ते एकमुखाने मत देतात. त्या बंद खोलीत काय बोलणे झाले हे डिकन्स सांगत नाही. सांगण्याची गरजही उरत नाही. ईटनस्विलमध्ये दार बंद होते ते सौदा करण्यासाठी.

मतदाराच्या रक्षणासाठी दार बंद करावे, ही मागणी त्याच सुमारास जोर धरीत होती. १८३८ च्या जनतेच्या सनदेत चार्टिस्टांनी गुप्त मतदानाचा समावेश केला. १८५६ मध्ये व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी ते कायद्यात आणले. याला विरोध करणाऱ्यांत जॉन स्टुअर्ट मिलसारखा उदारमतवादी होता, हे विशेष होय. मत ही व्यक्तीची मालमत्ता नसून सार्वजनिक विश्वस्तपणा आहे, तेव्हा ते लोकांच्या नजरेसमोरच दिले पाहिजे, असा युक्तिवाद त्याने १८६१ मध्ये केला. अखेर १८७२ च्या जुलैमध्ये ब्रिटनने गुप्त मतदान स्वीकारले. नेमक्या त्याच वर्षी जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ भागशः प्रसिद्ध होत होती. पात्रांच्या अंतर्मनातील सूक्ष्म हालचाली टिपण्याची इंग्रजी कादंबरीची शक्ती या कृतीत शिखराला पोहोचली. मात्र एलियटने निवडणूक रंगवली ती चाळीस वर्षांपूर्वीची, उघड मतदानाच्या काळातली. मत दिल्याने आपल्या दुकानाच्या जमाखर्चावर काय परिणाम होईल याचा हिशेब तिचा किराणा व्यापारी मॉम्झी उघडपणे मांडतो. मनाचे कप्पे उघडण्याची कला पूर्णत्वास गेली त्या वर्षीच कायद्याने मनाचा एक कप्पा बंद केला. हा केवळ योगायोग मानला, तरी पुढील कादंबरीला त्याचे परिणाम टाळता आले नाहीत.

कल्पित गावाचे कल्पित राष्ट्र झाले ते कॉनराडच्या ‘नॉस्ट्रोमो’त, १९०४ मध्ये. कॉस्टाग्वाना या देशाला कॉनराडने भूगोल दिला, चांदीची खाण दिली, परकीय भांडवल दिले, आणि ‘पन्नास वर्षांची अंदाधुंदी’ अशा आशयाच्या नावाचा एक इतिहासग्रंथही दिला. त्या ग्रंथाची छापील पाने दंगलीत बंदुकांमध्ये ठासण्यासाठी वापरली जातात. परंतु या राष्ट्रातील निर्णायक सत्तांतरे मतपेटीतून होत नाहीत. कॉनराडला लोकांविषयी जे म्हणायचे आहे, ते जमाव, टोळी आणि सैन्य यांच्याद्वारा म्हणता येते. एकट्याने पडद्याआड उभा राहिलेला नागरिक कॉस्टाग्वानाच्या इतिहासात महत्त्वाचा ठरत नाही. हा नागरिक कल्पित राष्ट्रात येण्यासाठी वसाहतींच्या स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली.

चिनुआ अचेबेची ‘अ मॅन ऑफ द पीपल’ जानेवारी १९६६ मध्ये प्रकाशित झाली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, नाव नसलेल्या एका आफ्रिकी देशात ती घडते. भ्रष्ट परंतु लोकांना हवाहवासा वाटणारा मंत्री नंगा आणि त्याच्याविरुद्ध निवडणुकीस उभा राहणारा शिक्षक ओडिली, यांच्या संघर्षाची ही कथा लष्करी उठावाने संपते. १५ जानेवारी १९६६ रोजी नायजेरियात खरोखरच लष्करी उठाव झाला. त्या दिवसापासून कादंबरी ‘भविष्यवाणी’ ठरली आणि अनामिक देशाच्या जागी वाचकांनी नायजेरियाचे नाव भरले. १९६४ ची संघराज्याची निवडणूक आणि १९६५ ची पश्चिम प्रांतातील हिंसक निवडणूक पाहता हे वाचन अनाठायी नव्हते. पण त्यामुळे सारा प्रकाश उठावावर पडला आणि निवडणूक अंधारात राहिली.

वस्तुतः कादंबरीचे मर्म निवडणुकीच्या मांडणीत आहे. नंगाच्या प्रचारसभेत ओडिलीला मारहाण होते. त्याचा उमेदवारी अर्ज दाखल होऊ दिला जात नाही. तो रुग्णालयात पडलेला असताना नंगा बिनविरोध निवडून येतो. ज्या मतदारसंघाभोवती सारे कथानक फिरते, तेथे मतदान होतच नाही. लोकांनी नंगालाच निवडले असते की नाही, हे वाचकाला कधीही कळत नाही. ओडिली मात्र प्रथमपुरुषी निवेदक या नात्याने लोकांच्या मनाविषयी ठामपणे बोलतो: लोक नेत्यांपेक्षाही निर्ढावलेले आहेत, सरकार पाडण्यात त्यांचा काही वाटा नाही, आणि कालचे मूक आज नव्या सत्तेच्या सुरात सूर मिसळतात. आंधळ्या भिकाऱ्याची काठी चोरणाऱ्या जोसाया या दुकानदारावर गावाने मूकपणे बहिष्कार घातला होता, ही घटना तो पुन्हा आठवतो. गावात चोरी ओळखणारा मालक असतो, राष्ट्राला तसा मालक नाही, हा त्याचा निष्कर्ष प्रभावी आहे. परंतु तो पडताळून पाहण्याचे एकमेव साधन म्हणजे मतपेटी, आणि अचेबेने ती उघडूच दिलेली नाही. ओडिलीचे म्हणणे लेखकाचे म्हणणे मानणारी समीक्षा ही रिकामी जागा पाहत नाही. जनतेच्या नावाने निकाल देणारा निवेदक आणि जनतेला मत देऊ न देणारा मंत्री यांच्यात अंतर पुष्कळ आहे; तरीही जनतेचे मन आपल्याला ठाऊक आहे या समजुतीत दोघेही सहभागी आहेत.

पोर्तुगीज कादंबरीकार जुझे सारामागो याने हीच समजूत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीचा विषय केली. इंग्रजी अनुवादात ती ‘सीइंग’ या नावाने ओळखली जाते आणि १९९५ च्या अंधत्वाच्या साथीवरील कादंबरीशी जोडलेली आहे. एका अनामिक देशाच्या राजधानीत पावसाच्या दिवशी मतदान होते. दुपारी चारपर्यंत केंद्रे जवळजवळ ओस असतात. मग लोक एकदम लोटतात. मोजणीत सत्तर टक्क्यांहून अधिक मतपत्रिका कोऱ्या निघतात. आठवड्याने फेरमतदान होते, आणि कोऱ्या मतांचे प्रमाण त्र्याऐंशी टक्क्यांवर जाते. कोणताही कायदा मोडलेला नाही. तरीही सरकार याला बंड समजते. हेर नेमले जातात, खोटे पकडणारी यंत्रे आणली जातात, शहराला वेढा पडतो, राजधानी हलवली जाते, आणि शेवटी सरकारच बाँब घडवून आणते. चौकशीत नागरिक एकच उत्तर देत राहतात: कोणत्याही सबबीखाली मत उघड करण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. कायद्याचे हे साधे वाक्य सरकारला शस्त्रासारखे लागते.

पोर्तुगालच्या वाचकांना कोरे मत अपरिचित नव्हते. १९७४ च्या क्रांतीनंतर, २५ एप्रिल १९७५ रोजी संविधान सभेसाठी झालेल्या निवडणुकीत मन निश्चित न झालेल्यांनी कोरी मतपत्रिका टाकावी, असा प्रचार लष्करी चळवळीतील काहींनी केला होता. मतदान नव्वद टक्क्यांहून अधिक झाले आणि कोऱ्या व बाद मतांचे प्रमाण सुमारे सात टक्के राहिले. त्या वेळी कोऱ्या मताला वरून अर्थ नेमून देण्यात आला होता. सारामागोच्या कादंबरीत असा अर्थ नेमून देणारा कोणीच नाही. त्याचा निवेदक अतिशय बोलका आहे. तो मंत्र्यांच्या मत्सरापासून पोलीस अधिकाऱ्याच्या अस्वस्थतेपर्यंत सर्व काही जाणतो. परंतु शहराने कोरे मत का दिले, हे तो एकदाही सांगत नाही. सर्वज्ञ निवेदकाने आपणहून पाळलेले हे मौन हेच कादंबरीचे खरे राजकीय विधान होय. सरकारला मात्र मौन सोसत नाही. त्याला कट हवा असतो, आणि कटाला चेहरा हवा असतो. अंधत्वाच्या साथीत एकटीच दृष्टी टिकवून राहिलेली डॉक्टरची पत्नी हा चेहरा म्हणून निवडली जाते. तिला गुन्हेगार ठरवण्यास नकार देणारा पोलीस अधिकारी मारला जातो आणि पाठोपाठ तीही. अर्थ लावण्याचा हट्ट हत्येपर्यंत पोहोचतो.

भारतीय वाचकाला हा प्रश्न केवळ परकीय कादंबऱ्यांतील वाटण्याचे कारण नाही. पूर्वी निवडणूक नियमांतील ४९-ओ या तरतुदीप्रमाणे मत न देण्याचा निर्णय मतदाराला केंद्रातील अधिकाऱ्यासमोर नोंदवावा लागे. म्हणजे देणाऱ्याचे मत गुप्त आणि नाकारणाऱ्याचा नकार उघड, अशी स्थिती होती. २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही विसंगती दूर केली आणि मतदान यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय ठेवण्याचा आदेश दिला. निकालाचा आधार गुप्ततेचे तत्त्व हाच होता. मात्र या पर्यायाला कितीही मते पडली तरी निवडून येणारा उमेदवार त्यामुळे बदलत नव्हता. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक संस्थांच्या निवडणुकांसाठी पुढचे पाऊल टाकले. या पर्यायाला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घ्यावी, आणि त्यासाठी तो ‘काल्पनिक उमेदवार’ समजावा, असे ठरवण्यात आले.

या शब्दयोजनेत दीडशे वर्षांचा प्रवास सामावलेला आहे. नकाराची मोजणी करण्यासाठी प्रशासनाला कल्पिताचा आधार घ्यावा लागला. ज्याला नाव नाही, पक्ष नाही, जाहीरनामा नाही, असे एक पात्र उभे करावे लागले. पण या पात्राच्या मागे उभे राहिलेल्यांना त्यांचे कारण विचारले गेले नाही. जे राज्यसंस्थेला पाळावे लागते, ते बंधन समीक्षेवरही आहे. कल्पित देशाचे खरे नाव शोधून काढणे आणि मौन पाळणाऱ्या पात्रांना हेतू चिकटवणे या एकाच सवयीच्या दोन बाजू आहेत. कोरी मतपत्रिका ही न लिहिलेली संहिता नव्हे; ती मोजण्यासाठी दिलेली आहे, उलगडण्यासाठी नव्हे.