बिल्ल्याखालचे कापड : लष्करी गणवेशांचे जतन आणि ‘मूळ’ रूपाचा प्रश्न

दिल्लीच्या लाल किल्ल्यात २३ जानेवारी २०१९ रोजी सुभाषचंद्र बोस व आझाद हिंद सेना यांच्याविषयीच्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्या सेनेची पदके, बिल्ले आणि गणवेश तेथे मांडण्यात आले. याच किल्ल्यात नोव्हेंबर १९४५ मध्ये शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावरील लष्करी खटला उभा राहिला होता. राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप त्यांच्यावर होता. एका सरकारने उभारलेली ही सुसंघटित सेना होती, असा युक्तिवाद बचावाच्या बाजूने भुलाभाई देसाई यांनी केला. स्वयंसेवी दलांना सैन्याचा दर्जा देताना १९०७ च्या हेग नियमांनी दुरून ओळखू येणारे ठरावीक चिन्ह ही एक अट घातलेली आहे. खांद्यावरचा बिल्ला हा अशा रीतीने सैनिक आणि बंडखोर यांच्यातील सीमारेषेवर उभा असतो.

आझाद हिंद सेनेचा गणवेश पुष्कळ अंशी ब्रिटिश हिंदी सैन्याच्याच खाकीचा होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर युद्धबंदी झालेल्या सैनिकांतून ही सेना प्रथम उभी राहिली. तिची जुळणी करणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांत सावंतवाडी परिसरातील तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले हे एक होते. कापड तेच राहिले आणि त्यावरचे चिन्ह बदलले. चिन्हाबरोबर निष्ठाही बदलली. अशा वस्त्राला त्याचे ‘मूळ’ रूप द्यायचे म्हणजे नेमके कोणते रूप द्यायचे, हा प्रश्न मग अटळ ठरतो.

स्वातंत्र्योत्तर गणवेशांनाही हाच प्रश्न लागू होतो. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला आणि मेजरच्या खांद्यावरील मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले. कॅप्टनच्या तीन ‘बाथ’ ताऱ्यांची जागा पाच टोकांच्या ताऱ्यांनी घेतली. पलटणींच्या नावांतील ‘रॉयल’ हा शब्द गळाला. कुतच्या वेढ्यात लढलेल्या ११७ व्या मराठा पलटणीला ही उपाधी १९२१ मध्ये मिळाली होती. लाइट इन्फंट्रीचे बिगुल मात्र टिकले. १९५० पूर्वी शिवलेला आणि नंतरही वापरात राहिलेला एखादा कोट आज हाती आला, तर त्यावरील सिंह काढून पुन्हा मुकुट बसवण्याचा मोह संग्राहकास होतो. त्या मोहाला बळी पडल्यास पहिली अवस्था हाती येते. परंतु एका राज्याचा अधिकारी दुसऱ्या राज्याचा झाला, याचा वस्तुरूप पुरावा नाहीसा होतो.

हा पुरावा कापडात साठलेला असतो. बिल्ल्याखालचे कापड उन्हापासून बचावल्यामुळे गडद राहते आणि बिल्ला निघाल्यावरही त्याची आकृती दिसत राहते. सुईची जुनी छिद्रे, तुटलेल्या धाग्यांची टोके, पितळेच्या जंगालाने उमटलेला हिरवट डाग या सर्व गोष्टी वाचता येतात. म्हणूनच जाणकार जतनकर्ता प्रथम छायाचित्रे घेतो, छिद्रे मोजतो आणि त्यानंतरच हात लावतो. लोकरीच्या कोटाला कसर लागली असल्यास तो हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंश सेल्सियस किंवा त्याखालच्या तापमानात आठवडाभर वा अधिक काळ ठेवला जातो. धूळ जाळीआडून हलक्या शोषणाने काढतात. पाण्याने धुतल्यास रंग फुटण्याचा व अस्तर आटण्याचा धोका असतो. जरतारी बिल्ल्याला पॉलिश लावले जात नाही, कारण घासण्याने मुलामा जातो. विरलेल्या जागी तलम रेशमी जाळीचा आधार देतात आणि टाका शक्यतो जुन्याच छिद्रातून घेतात. प्रदर्शनात प्रकाश साधारणतः ५० लक्सपर्यंत ठेवला जातो. दिल्लीत कोरड्या उन्हाळ्यामागून दमट पावसाळा येतो. या चढउतारात लोकर, सूत आणि धातू वेगवेगळ्या गतीने बदलतात, त्यामुळे धातूच्या बिल्ल्याभोवतीचे कापड आधी फाटते.

या शिस्तीचे साम्य पाठचिकित्सेशी आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत वि. स. सुकथनकर यांनी व्यासांची मूळ संहिता गवसल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितकेच जाणे, संशयित पाठाखाली नागमोडी रेघ ओढणे आणि वगळलेले पाठ टीपांत जपणे, ही त्यांची रीत होती. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही वास्तूंच्या बाबतीत तर्क सुरू होतो तेथे पुनःस्थापन थांबवण्यास सांगितले आणि निरनिराळ्या काळांच्या भरींचा मान राखण्याचे तत्त्व मांडले. गणवेशावर नव्याने बसवलेला बिल्ला जवळून पाहिल्यावर नवा म्हणून ओळखू यावा, ही त्याची नागमोडी रेघ होय.

दिल्ली परिसरात या रेघेची निकड अधिक आहे. छावणीतील गोपीनाथ बाजारात आजच्या सैनिकांसाठी गणवेश व बिल्ले तयार होतात. जुन्या दिल्लीच्या किनारी बाजारात जर मिळते. कुशल हातांची उणीव नाही. जुन्या नमुन्यावरून केलेला बिल्ला जुन्या कोटावर चढला आणि त्याची नोंद राहिली नाही, तर पुढच्या पिढीस खरे व घडवलेले यांतला भेद करणे कठीण जाते. १९७२ चा पुरावस्तू कायदा सामान्यतः १०० वर्षे पूर्ण झालेल्या वस्तूंनाच लागू होतो. पहिल्या महायुद्धातील गणवेश त्या कक्षेत आले आहेत. केरेन आणि इटलीच्या रणांगणांवर मराठा सैनिकांनी घातलेला गणवेश आणि आझाद हिंद सेनेचे कापड अद्याप तिच्या बाहेर आहे. तेवढ्या काळात या वस्त्रांचे भवितव्य घरातील ट्रंका, संग्राहक आणि शिंपी यांच्या विवेकावर अवलंबून राहते.

त्यामुळे सिंहाखालची मुकुटाची गडद छाया पुसून न टाकता ती नोंदवणे, हे या क्षेत्रातील पहिले कर्तव्य ठरते. ज्या सैनिकाने दोन्ही चिन्हे वागवली, त्याच्या आयुष्याचा तोच खरा पाठ आहे.